चौदा हजार दोनशे सहा फाइलींना लागलेला हात

एकदा एका कचेरीत एक वृद्ध राहत असे. राहत असे म्हणजे नोकरी करीत असे. पण सकाळी शिपायाच्या आधी येई आणि संध्याकाळी कुलपाबरोबर जाई, म्हणून लोक राहतो असेच म्हणत. वयोमानाप्रमाणे तो केव्हाच निवृत्त झाला होता. नंतर 'पुढील व्यवस्था होईपर्यंत' या शब्दांनी त्याला परत बोलावण्यात आले, आणि पुढील व्यवस्था काही झाली नाही. त्याला काढून टाकावे असे दोन-तीन साहेबांच्या मनात येऊन गेले; परंतु काढायचे तर आधी नेमणुकीचा कागद शोधावा लागला असता, आणि तो शोधून देऊ शकेल असा माणूस कचेरीत एकच होता. त्याला सगळे अण्णा म्हणत.

कचेरी पूरग्रस्तांच्या पुनर्वसनाची होती. चौदा वर्षांपूर्वी नदीने काठच्या वाड्या धुऊन नेल्या. माणसे वाचली, घरे गेली. त्या माणसांना माळावर पत्र्याच्या निवाऱ्यांत ठेवण्यात आले. प्रत्येक निवाऱ्यावर 'तात्पुरता' असे रंगवलेले होते. तो रंग आतापर्यंत दोनदा नव्याने द्यावा लागला होता.

घराच्या जागेसाठी माणसे अर्ज करीत. आलेला अर्ज टंकून त्याची संगणकात एक फाइल होई, आणि ती फाइल माणसाच्या पत्त्याप्रमाणे ठेवली जाई: तालुक्याच्या फोल्डरमध्ये गावाचे फोल्डर, गावाच्या पोटात वाडीचे, वाडीच्या पोटात कुटुंबाचे. ही रचना वृद्धाने लावली होती. नदीने जे मोडले ते त्याने संगणकात तसेच्या तसे पुन्हा वसवले होते. जमिनीवर वसवणे त्याच्या अधिकारात नव्हते.

या वृद्धाकडे एक शिष्या आली. अभियांत्रिकी शिकलेली, हुशार, अकरा महिन्यांच्या करारावर. बारावा महिना दिला तर माणूस कायम होण्याचा धोका असतो, म्हणून शासन अकरावर थांबते. वृद्ध काळ्या पडद्यावर आज्ञा टंकून काम करी. माउस त्याने टेबलाच्या खणात, सुपारीच्या डबीशेजारी ठेवला होता. शिष्येने पहिल्याच दिवशी विचारले,

"अण्णा, एकेका कुटुंबाचं फोल्डर उघडून बघायचं तर माझे अकरा महिने त्यातच जातील."

"जाऊ देत की, मॅडम. इथे त्याहून वाईट गोष्टींत गेलेत लोकांचे. पण उघडायचं नाही. सांगायचं."

आणि त्याने एक ओळ लिहिली. त्या ओळीचा अर्थ असा होता: इथून खाली, जितके खोल जाता येईल तितके जा, वाटेत जी जी फाइल भेटेल तिचे नाव सांग. चौदा हजार सातशे नावे पडद्यावरून पुरासारखी वाहून गेली. शिष्या थक्क झाली. मग त्याने तिला एकेक हत्यार दाखवले. एक नुसते शोधते. एक नुसते मोजते. एक नुसता क्रम लावते. दोन आज्ञांच्या मध्ये उभी दांडी ओढली, की पहिलीने काढलेले दुसरीच्या हाती पडते.

शिष्या हसली. "म्हणजे आपल्या कचेरीसारखंच. या टेबलावरून त्या टेबलावर."

"छे! ही हत्यारं हातात आलेलं पुढे देतात."

वृद्धाचे नियम दोनच होते. पहिला असा, की पुसण्याची आज्ञा द्यायची तर आधी तीच आज्ञा नुसती दाखवण्यासाठी द्यावी. जी यादी निघेल ती वाचावी, आणि मग ठरवावे. "मोजून नाही चालणार?" असे शिष्येने विचारले तेव्हा तो म्हणाला, "मोजणं साहेबांचं काम. आपण वाचायचं." दुसरा नियम असा, की काहीही बदलण्याआधी ते कसे होते हे कुठेतरी लिहून ठेवावे. शिष्येने दोन्ही नियम वहीत उतरवून घेतले. वहीत उतरवलेल्या नियमांचे पुढे काय होते हे आपणा सर्वांना ठाऊक आहे.

या कथेत नाव एकीचेच आहे, कारण बाकीच्यांना हुद्दे होते. तिचे नाव हौसाबाई. खालच्या वाडीची. 'सोमवारी या' हे कचेरीचे ठरलेले उत्तर होते. कोणता सोमवार, हे सांगण्याची पद्धत नव्हती. हौसाबाईने त्याचा अर्थ दर सोमवारी असा घेतला. चौदा वर्षे ती दर सोमवारी अकरा वाजता खिडकीशी येई आणि एकच प्रश्न विचारी.

"अण्णा, माझा कागद हाय का?"

वृद्ध वाडीच्या फोल्डरमध्ये उतरे, बघे आणि सांगे, "आहे."

"मग बरं," असे म्हणून ती जाई. एकदा शिष्येने तिला थांबवून विचारले, "आजी, जागेचं काय झालं ते का नाही विचारत?"

"ते इचारलं की सायेब चिडत्यात," हौसाबाई म्हणाली. "कागद हाय तवर मी हाय. येवढं कळलं की आठवडा जातो."

दिवस असे चालले असताना कचेरीत एक व्यापारी आला. तो नवी सिस्टीम विकत होता. साहेबांच्या खोलीतल्या मोठ्या पडद्यावर त्याने एक वर्तुळ लावून दाखवले. ते जवळजवळ पूर्ण लाल होते.

"हे लाल काय आहे?" साहेबांनी विचारले.

"प्रलंबित, साहेब. आमची सिस्टीम प्रत्येक फाइलीत शेवटचा बदल कधी झाला ती तारीख बघते. तीन वर्षांच्या आत असेल तर हिरवं. नाहीतर लाल."

"पण वरच्या कार्यालयात हेच वर्तुळ दिसणार?"

"लाइव्ह दिसणार, साहेब."

साहेबांनी पाणी मागवले. दुसऱ्या दिवशी आदेश निघाला. ज्या फाइलीत तीन वर्षांत काहीही बदल झालेला नाही, ती निष्क्रिय समजावी. निष्क्रिय प्रकरणात मागणी उरलेली नाही असे गृहीत धरावे. आणि अशा फाइली नवी सिस्टीम सुरू होण्यापूर्वी पुसाव्यात. कचेरीने तीन वर्षे काही केले नाही, याचा अर्थ अर्जदाराला काही नको आहे, असा तो तर्क होता. तर्कावर साहेबांची पूर्ण सही होती.

काम शिष्येकडे आले. साहेब म्हणाले, "मॅडम, तुमचा करार तीस तारखेला संपतो ना? बघू. हे एवढं झालं की बघू."

शिष्येने ओळ लिहिली. खाली उतर, फक्त फाइली घे, तीन वर्षांत न बदललेल्या वेच. आधी दाखवण्यासाठी चालवली, शिकवल्याप्रमाणे. आणि यादी मोजण्याच्या आज्ञेकडे वळवली. चौदा हजार दोनशे सहा. आकडा घेऊन ती वृद्धाकडे आली.

"वाचलीत यादी?" त्याने विचारले.

"अण्णा, चौदा हजार ओळी कोण वाचणार?"

"हौसाबाई कितव्या ओळीवर आहे?"

"ती आहे यात?"

"मी वाचली नाही. तुमची यादी आहे."

 शिष्या जरा दुखावून म्हणाली, "तुमचं ठीक आहे, अण्णा. तुम्हाला कोणी काढू शकत नाही. माझी तीस तारीख आहे."

 ती बोलली ते खरे होते, आणि खऱ्या गोष्टीवर शेरा मारायचा नसतो, ही जुन्या कारकुनांची रीत वृद्धाला माहीत होती. त्या दिवशी सगळे चहाला गेले तेव्हा तो मात्र खुर्चीवरून उठला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिष्येने ओळीच्या शेवटी पुसण्याचा शब्द जोडला आणि आज्ञा दिली. यंत्र क्षणभर थांबले, आणि काही न बोलता पुढच्या आज्ञेची वाट पाहू लागले. या यंत्राची रीत अशी की काम सुरळीत झाले तर ते अवाक्षर काढत नाही. शिष्येने ती शांतता ऐकली आणि जाऊन साहेबांना सांगितले, "झालं, सर." साहेबांनी पेढे मागवले. पेढा हातात असताना शिष्येला सवयीने वाटले, मोजून तर बघू. तिने मोजले. चौदा हजार सातशे एकतीस. एकही फाइल कमी झाली नव्हती.

गोम अशी होती, की चौदा हजार पुसल्या तरी हे यंत्र गप्प बसते, आणि पुसण्यासारखी एकही सापडली नाही तरी तसेच गप्प बसते. दोन्ही शांतता सारख्याच. कचेरीत जन्म गेलेल्या माणसाला हे सांगावे लागले नसते.

तिने तारखा काढून पाहिल्या. यादीतल्या सगळ्या फाइलींवर एकच तारीख होती: आदल्या दिवसाची, दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटे. चहाची वेळ. ती तशीच पेढा घेऊन वृद्धासमोर उभी राहिली.

"अण्णा, हे तुम्ही केलंत."

"हो."

"काय केलंत नेमकं?"

"हात लावला. 'टच' म्हणून एक आज्ञा आहे, मी शिकवली नव्हती. ती फाइल उघडत नाही, वाचत नाही, अक्षर बदलत नाही. फक्त आजची तारीख लावते. खाली उतरायला सांगितलं आणि तुमच्या यादीतल्या प्रत्येकीला लावायला सांगितलं. चहा निवायच्या आत झालं."

"पण का?"

तेव्हा वृद्धाने चष्मा काढला आणि तो म्हणाला, "पोरी, या कचेरीत प्रकरण जिवंत की मेलेलं हे त्यात काय लिहिलंय यावरून ठरत नाही. त्याला शेवटचा हात कधी लागला यावरून ठरतं. चौदा वर्षांत या फाइलींना कोणाचा हात लागला नाही. मग मी म्हटलं, आपला लावू. मला जागा देता येत नाही. घर बांधता येत नाही. सोमवारी एक बाई विचारते, 'कागद आहे का?' तिला खरं बोलून 'आहे' म्हणता यावं, इतकंच माझ्या अधिकारात आहे."

शिष्येचे डोळे भरून आले. ही कथा इथे संपली असती तर ती भाषणात सांगण्यासारखी झाली असती, आणि ऐकणारे समाधानाने घरी गेले असते. पण पेढे अजून संपले नव्हते.

साहेबांच्या खोलीतून व्यापाऱ्याचा आवाज आला, "साहेब! बघा, बघा!" पडद्यावरचे वर्तुळ हिरवेगार झाले होते. लाल रंगाचा टिपूससुद्धा उरला नव्हता.

साहेब उठून पडद्याजवळ गेले. "फाइली पुसल्या म्हणून?"

"नाही साहेब, फाइली सगळ्या आहेत. लाल होत्या त्या सगळ्यांवर काल कार्यवाही झालीय!"

"कोणती कार्यवाही?"

"ते सिस्टीम बघत नाही, साहेब. तारीख बघते."

साहेब पाच मिनिटे विचारात पडले. फाइली पुसणे म्हटले तर थोडी जोखीम होती. उद्या कोणी विचारले असते. आणि इथे तर काहीही न पुसता सारे काम उरकले होते. त्यांनी स्वतः अहवालाचा मजकूर सांगितला: 'या कार्यालयाने एका दिवसात चौदा हजार दोनशे सहा प्रकरणांवर कार्यवाही पूर्ण केली असून प्रलंबित प्रकरणे निरंक.' वरच्या कार्यालयाने अभिनंदन कळवले, आणि रीतीप्रमाणे अर्जदारांनाही कळवावे असे सुचवले. तीन दिवस छपाईयंत्र धडधडत राहिले. कचेरीतला कागद संपला.

पुढच्या सोमवारी हौसाबाई आली ती हातात पाकीट घेऊन. आनंदाने तिला धाप लागली होती.

"अण्णा, पत्र आलं! सरकारचं! आमच्या समद्या वाडीला आलं. वाचून दावा."

वृद्धाने पत्र वाचले. 'आपल्या अर्जावर आवश्यक ती कार्यवाही करण्यात आली असून आपले प्रकरण निकाली काढण्यात आले आहे.'

"निकाल लागला व्हय?" हौसाबाई म्हणाली. "मग जागा कुठंशी दिली?"

वृद्धाने पत्र उलटून मागची बाजू पाहिली.

"लांब असली तरी चालंल. कुठं दिली तेवढं सांगा."

 शेवटी शिष्याच पुढे झाली आणि म्हणाली, "आजी, जागा नाही दिली."

"मग निकाली काय काढलं?"

 हौसाबाईने पत्र परत घेतले, घडी घातली आणि सवयीने विचारले, "माझा कागद हाय न्हवं?"

"आहे," वृद्ध म्हणाला. चौदा वर्षांत त्याने हा शब्द शेकडो वेळा उच्चारला असेल. त्या दिवशी तो पहिल्यांदा खोटा वाटला, आणि पहिल्यांदाच हौसाबाईनेही "मग बरं" म्हटले नाही.

ती गेल्यावर शिष्या म्हणाली, "फाइल वाचवलीत अण्णा, आणि प्रकरण मारलंत."

"हो," वृद्ध म्हणाला. "त्यांना खोटं लिहायचं होतं, पण तारीख नव्हती. ती मी पुरवली. चाळीस वर्षं कारकुनी केली, आणि सगळ्यात मोठी मदत साहेबांना केली ती फुकट आणि चहाच्या वेळेत."

मग त्याने खणातून माउस बाजूला सारून एक चिठ्ठी काढली. तीवर एका फाइलीचे नाव आणि ती कुठे ठेवली आहे तो पत्ता होता. "बदलण्याआधी लिहून ठेवावं, हा दुसरा नियम. हात लावण्याआधी प्रत्येकीची खरी तारीख या यादीत उतरवून ठेवली होती. एक ओळ लिहिलीस तर यादी वाचत वाचत यंत्र सगळ्या तारखा होत्या तशा परत लावेल. मग वर्तुळ पुन्हा लाल. मग तो पुसायचा आदेशही पुन्हा जिवंत, आणि तुझी तीस तारीख पण आहे. मी सांगणार नाही काय कर. एकदा मी ठरवलं, ते बघितलंस. फक्त या वेळी वाच."

शिष्येने यादी वाचली. दोन दिवस वाचली. तारखांच्या क्रमाने लावल्यावर पहिल्याच पानावर हौसाबाईचे नाव होते, आणि त्याच कुटुंबाच्या फोल्डरमध्ये नऊ अर्ज होते; ते तिने उघडून वाचले. पहिला दोन पानांचा. त्यात घर कसे होते, परसात शेवग्याचे झाड कुठे होते, पाणी कोणत्या उंबऱ्यापर्यंत आले, सगळे होते. दुसरा एका पानाचा. चौथ्यात झाड नव्हते. सहाव्यात पूर नव्हता, नुसती मागणी होती. आठवा तीन ओळींचा. नववा, चार वर्षांपूर्वीचा, एकच ओळ: 'अर्ज मागीलप्रमाणे.' दहावा नव्हताच. नऊ अर्जांत एका बाईने काय काय मागायचे सोडून दिले, ते फाइलींच्या तारखांवरून दिवसानिशी सांगता येत होते. मात्र तारखा खऱ्या असायला हव्या होत्या.

सोमवारी सकाळी साडेनऊला तिने ती एक ओळ लिहिली. तारखा परत आल्या. मग छपाईसाठी तिने स्वतःच्या पिशवीतून कागदाचा गठ्ठा काढला. अकरा वाजता हौसाबाई आली तेव्हा तिच्या हातात तिचे नऊ अर्ज पडले, प्रत्येकावर तो कधी आला आणि त्यानंतर किती दिवस त्याला कोणाचा हात लागला नाही याची नोंद. "आजी, हे तुमच्यापाशी ठेवा. इथे ठेवू नका." हौसाबाईने कागद पदराखाली घेतले आणि वाडीला सांगितले. साहेब बाराला येत. तोवर खालच्या वाडीच्या तेवीस कुटुंबांना आपापले कागद मिळाले. उरलेल्यांना कळवायचे तर पत्र पाठवावे लागले असते, आणि पत्रांचा कागद निकालाच्या पत्रांत संपला होता.

बारा वाजून दहा मिनिटांनी वर्तुळ लाल झालेले साहेबांनी पाहिले. ते कोणावरही ओरडले नाहीत. त्यांनी फक्त व्यापाऱ्याला फोन केला. तो आला, शिष्येच्या खुर्चीवर बसला. आज्ञा लिहायची कशी हे त्याला ठाऊक नव्हते, पण त्याला एक युक्ती ठाऊक होती: वर जाणारा बाण दाबत गेले की आधी दिलेल्या आज्ञा एकेक करून पुन्हा समोर येतात. त्याने बाण दाबला, पुन्हा दाबला. पाच-सात वेळा दाबल्यावर शिष्येनेच लिहिलेली ओळ तिच्या डोळ्यांदेखत वर आली. खाली उतर, फक्त फाइली घे, तीन वर्षांत न बदललेल्या वेच, पूस.

"हीच ना, मॅडम?" त्याने आदराने विचारले, आणि उत्तराची वाट पाहिली नाही.

यंत्र काही बोलले नाही. या वेळी त्या शांततेचा अर्थ तिला नेमका कळला.

फाइलींची नक्कल ठेवलेली डिस्क व्यापाऱ्याने नव्या सिस्टीमसाठी म्हणून आधीच नेली होती, आणि तीत आता नवी सिस्टीम होती. तीस तारखेला शिष्येला पत्र मिळाले: 'कामाचे स्वरूप संपुष्टात आल्याने आपल्या सेवेची आवश्यकता उरलेली नाही.' पत्रातले एक वाक्यही खोटे नव्हते. जाताना तिने वृद्धाला वाकून नमस्कार केला. तो म्हणाला, "मला नको करूस. त्या दिवशी तू विचारून गेल्यावर मी यादी वाचली होती, तरी चुकलो." तिने तरीही केला.

त्यानंतर वृद्ध एकटाच काळ्या पडद्यासमोर बसे. आज्ञेत फक्त फाइली पुसायला सांगितले होते, त्यामुळे फोल्डरे सगळी जागच्या जागी होती. तालुका होता, तालुक्यात गाव होते, गावात खालची वाडी होती, वाडीत तेवीस कुटुंबांची तेवीस घरे ओळीने उभी होती. आत कोणी नव्हते. पुरात घरे गेली होती आणि माणसे राहिली होती. कचेरीने उरलेले काम पुरे केले.

दीड महिन्याने वरच्या कार्यालयाचे पत्र आले. इतक्या तत्परतेने निकाली निघालेल्या प्रकरणांचा आदर्श इतर जिल्ह्यांपुढे ठेवायचा होता. तरी कार्यशाळेत दाखवण्यासाठी नमुन्यादाखल एक निकाली प्रकरण, मूळ अर्जासह, उलट टपाली पाठवावे. साहेबांनी कचेरी पालथी घातली. हिरव्या वर्तुळाखाली निकाली प्रकरणाचा एकही अर्ज नव्हता. शेवटी ते स्वतः वृद्धाच्या टेबलापाशी आले.

"अण्णा, एखादा तरी असेल हो कुठे. तुम्ही सगळं जपून ठेवता."

"कचेरीत नाही, साहेब."

"मग कुठे आहे?"

वृद्धाने खिडकीकडे बोट दाखवले. सोमवार होता. अकरा वाजले होते. हौसाबाई यायची थांबली नव्हती. कागद जवळ असूनही ती का येते, हे तिला कोणी विचारले नव्हते. साहेब मागे उभे राहिले, आणि वृद्धाने त्यांच्या वतीने विचारले. जो प्रश्न तिने चौदा वर्षे विचारला, तोच त्याच्या तोंडून बाहेर पडला.

"हौसाबाई, तुमचा कागद आहे का?"

"हाय की. डब्यात हाय, पत्र्याखाली."

"साहेबांना हवाय. वर पाठवायचाय."

हौसाबाईने आधी वृद्धाकडे पाहिले, मग त्याच्या खांद्यावरून साहेबांकडे. चौदा वर्षांत तिने साहेबांना इतक्या जवळून पाहिले नव्हते. तिला राग आलेला दिसत नव्हता. कचेरीत बसणाऱ्या माणसाला काम समजावून सांगावे, तशा शांतपणे ती म्हणाली,

"मग अर्ज करा. आन् सोमवारी या."

ती निघून गेली. साहेबांनी आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतले. वृद्धाने एक कोरा कागद पुढे ओढला, वर 'प्रति' लिहिले, त्याखाली हौसाबाईचे पूर्ण नाव, वाडी, गाव, तालुका. हजारो लोकांचे अर्ज त्याच्या हाताखालून गेले होते. पण आपल्याला काय हवे आहे आणि ते मागण्याचा आपला हक्क काय, हे लिहायची पाळी त्याच्यावर पहिल्यांदाच आली होती. 'विषय' या शब्दापाशी त्याचे पेन थांबले, आणि एक अर्ज लिहायला माणसाला काय लागते, हे त्याला त्या कोऱ्या ओळीवर समजले.

ज्याच्या टेबलावर कोणाचा अर्ज पडला असेल त्याने तो एकदा वाचावा. नुसता हात लावून भागते की नाही, याचा चौदा हजार दोनशे सहा वेळा अनुभव घेऊन झालेला आहे.